घरी पहिलं मांजर: नागपूरच्या उन्हाळ्यात आणताना काय काय सांभाळायचं

टेकडीवाला
होळी झाली की पिल्लांचे प्रश्न सुरू होतात आणि तीच ती उत्तरं दहा ठिकाणी विखुरतात. म्हणून हा एकच धागा. ज्यांना या कामातलं नेमकं ठाऊक आहे त्यांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे दुरुस्त करावं.

सुरुवात वयापासून. पिल्लू आठ आठवड्यांचं होण्याआधी आईपासून तोडू नका. लवकर तोडलेलं पिल्लू आईचं दूध आणि त्यातून मिळणारं संरक्षण गमावतंच, शिवाय किती जोराने चावलं की समोरच्याला लागतं हे भावंडांकडून शिकायचं राहून जातं. देणारा "दोन महिन्यांचं आहे" म्हणाला तरी तोंड उघडून पाहा. पुढचे बारीक दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतात, सहाव्या आठवड्यापर्यंत दुधाच्या दाढाही दिसतात. आठ आठवड्यांचं निरोगी पिल्लू ७०० ते ९०० ग्रॅम भरतं, गावठी थोडं कमी. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि एक टोपलं पुरतं. पुढे दर आठवड्याला ७० ते १०० ग्रॅम वाढ दिसायला हवी. दोन आठवडे काटा हलला नाही तर जंत किंवा आजार धरून चाला.

पहिले पाच-सात दिवस एकच खोली द्या. सगळं घर एकदम मोकळं केलं की पिल्लू फ्रिजमागे नाहीतर दिवाणाखाली जाऊन बसतं, आणि मग त्याने खाल्लं किती, शी-शू केली का, काहीच कळत नाही. खोली निवडताना आपल्याकडे एक जास्तीची गोष्ट पाहावी लागते. वरच्या मजल्यावरची, स्लॅब तापणारी किंवा पश्चिमेच्या भिंतीची खोली एप्रिल-मेमध्ये बाद. खालची, उत्तर-पूर्वेची खोली घ्या. एका कोपऱ्यात शी-शूचा टब, शक्य तितक्या लांबच्या कोपऱ्यात खाणं, पाणी खाण्यापासूनही थोडं दूर, आणि आडवा ठेवलेला पुठ्ठ्याचा खोका लपायला. लपलं तर ओढून काढू नका. त्याच खोलीत जमिनीवर बसून आपलं काम करा, पेपर वाचा. ते स्वतः येऊन हुंगेल. टक लावून पाहणं त्याला धमकीसारखं वाटतं, म्हणून नजर भिडली की डोळे सावकाश मिटून उघडा.

दोन दिवस लपून राहणं चालतं, उपाशी राहणं चालत नाही. लहान पिल्लाने १२ तास आणि मोठ्या मांजराने २४ तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टर. उपाशी मांजराच्या, विशेषतः जाड्या मांजराच्या, यकृतात चरबी साठत जाते आणि ते दुखणं जिवावर बेततं.

मिशीवाली
शी-शूच्या टबाबद्दल मी लिहिते, कारण मांजर घराबाहेर काढलं जाण्याचं एक मोठं कारण तेच असतं आणि त्यात चूक बहुतेक वेळा टबाची असते.

टब मोठा हवा, मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट. मोठ्या मांजराला साधारण ६० बाय ४० सेंटीमीटर. भांड्यांच्या दुकानातला कपड्यांचा पसरट टब चालतो. पिल्लासाठी एका बाजूने ७-८ सेंटीमीटर उंचीवर कापून कड पॉलिश पेपरने घासून घ्या. झाकणाचा टब आपल्याला बरा दिसतो, पण वास आतच कोंडतो आणि आपल्या उन्हाळ्यात तो भट्टीसारखा होतो. टब उघडाच ठेवा. एका मांजराला दोन टब, दोघांना तीन.

लिटर, म्हणजे टबात पसरायचं शी-शू शोषणारं साहित्य, ५ ते ७ सेंटीमीटर जाड पसरा. बेंटोनाइटचं, म्हणजे ओलं झालं की गोळा होणारं लिटर, चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला नको. पिल्लं ते चाटतात, खातात, आणि ते पोटातही गोळा होतं. तोवर लाकडाच्या किंवा कागदाच्या गोळ्या वापरा. घाण दिवसातून दोनदा काढायची. गोळा होणारं लिटर दोन-तीन आठवड्यांनी, बाकीचं आठवड्याला पूर्ण बदलायचं. टब साध्या साबणाने धुवा. फिनाईल नको, कारण पुढे येईल. लिटर संडासात टाकून पाणी सोडू नका, पाइप तुंबतो.

घरात कुणी गरोदर असेल तर मांजर सोडून द्यायची गरज नाही. टोक्सोप्लाझ्मा या गर्भाला धोकादायक परजीवीची अंडी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याजोगी व्हायला किमान एक दिवस, बहुधा एक ते पाच दिवस घेतात. म्हणून रोज साफसफाई, आणि ती दुसऱ्याने करायची. कच्चं मांस आणि बागेतली माती यांचीही तेवढीच काळजी घ्यावी.

लकडगंजवाला
मिशीवाली ताई, लाकडाच्या गोळ्या परवडत नसतील तर आरामशीनचा भुसा चालतो, पण निवडून घ्यावा लागतो. टिंबर मार्केटमध्ये पोत्याने मिळतो. विचारताना "सॉलिड लाकडाचा" असं स्पष्ट सांगा. प्लायवूड, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड कापल्याचा भुसा नको, त्यात डिंकाचं रसायन असतं. चीड आणि देवदार यांचा तेलकट, वासाचा ताजा भुसाही नको. घरी आणल्यावर दिवसभर कडक उन्हात वाळवा आणि रव्याच्या चाळणीने चाळून खाली पडलेलं पीठ फेकून द्या. ते पीठच नाकात जातं, पिल्लू शिंकायला लागतं आणि आपल्याला सर्दी वाटते. चाळणीत उरलेला जाड भुसा वापरायचा. त्यात गोळा होत नाही, म्हणून दोन-तीन दिवसांनी सगळाच बदलावा लागतो. पावसाळ्यात ओलं पोतं घेऊ नका, आत बुरशी धरलेली असते.

कन्हान नदीची रेती बरेच जण वापरतात. मांजराला रेती आवडते यात शंका नाही. पण ती वास धरत नाही, पायाला चिकटून घरभर जाते आणि टब उचलताना कंबर धरते. अंगण असेल तर ठीक, फ्लॅटमध्ये नको.

शाकाहारी_घर
आमच्याकडे मांस-मासळी आणत नाहीत. दूध-पोळी, दहीभात, पनीर यावर मांजर राहील का? अडीच महिन्यांची भाटी (मादी) आहे, वजन एक किलो.

मिशीवाली
नाही राहणार, आणि हे थेटच सांगायला हवं. मांजराला टॉरिन नावाचं अमिनो आम्ल लागतं आणि ते त्याच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही. मांसातूनच मिळतं. कमी पडलं की हृदयाचा स्नायू पातळ होऊन हृदय फुगतं आणि डोळ्यांचा पडदा खराब होऊन दृष्टी जाते. हे महिनोन्‌महिने आत चालू असतं, बाहेरून मांजर धडधाकट दिसतं. गेलेली दृष्टी परत येत नाही. अ जीवनसत्त्वाचंही तसंच, गाजरातलं त्याला वापरताच येत नाही. दुधातली साखर दूध सुटलेल्या मांजराला पचत नाही, जुलाब होतात, आणि एक किलोच्या पिल्लाला जुलाबाचे दोन दिवससुद्धा महाग पडतात.

घरात मांस शिजवायचं नसेल तर पाकिटातलं तयार खाणं द्या. पाकिटावर तीन गोष्टी पाहा. ते मांजराचंच असावं, कुत्र्याचं नको, त्यात टॉरिनची हमी नसते. "पूर्ण व संतुलित आहार" आणि "पिल्लांसाठी" असं लिहिलेलं असावं. आणि कोरड्या खाण्यात प्रथिनं वाढत्या पिल्लाला किमान ३० टक्के, मोठ्याला २६ टक्के असावीत.

प्रमाण सांगते. एक किलोच्या पिल्लाला पिल्लांचं कोरडं खाणं दिवसाला ४० ते ५० ग्रॅम, चार वेळांत विभागून. चार महिन्यांनंतर तीन वेळा, सहा महिन्यांनंतर दोन-तीन वेळा. चार किलोच्या मोठ्या मांजराला ५५ ते ६० ग्रॅम पुरतं. पाकिटामागचा तक्ता पाहाच, कारण प्रत्येकाची ताकद वेगळी. वाटीने मोजू नका, काट्यावर तोला. ब्रँड बदलायचा असेल तर सात ते दहा दिवसांत हळूहळू जुन्यात नवं मिसळत जा.

आपल्याकडे उन्हाळ्यात सुटं खाणं घेऊ नका. दुकानात उघड्या पोत्यातली चरबी मे महिन्यात खवट होते आणि मांजर ते हुंगून निघून जातं. लोकांना वाटतं मांजर नखरेल आहे. बंद पाकीट घ्या, फोडल्यावर त्याच पिशवीसकट घट्ट डब्यात ठेवा, महिना-दीड महिन्यात संपेल एवढंच आणा. ओलं खाणं वाढल्यावर अर्ध्या तासात उचला.

टेकडीवाला
यात एक भर. मांसाहारी घरांतही चूक होते, ती उलट दिशेची. रोज नुसतं उकडलेलं बोनलेस चिकन. त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. शरीर मग हाडांतून कॅल्शियम ओढतं, आणि चार-पाच महिन्यांचं पिल्लू साधी उडी मारून लंगडायला लागतं. वरून पाहता ते गुबगुबीत असतं, म्हणून लक्षात येत नाही. चिकन खाऊ म्हणून द्या, दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शापर्यंत, म्हणजे मोठ्या मांजराला १५ ग्रॅमच्या आसपास. मीठ, हळद, कांदा, लसूण न घालता. शिजवलेलं हाड नको, त्याच्या सुया होतात. पूर्ण घरगुती खाणंच द्यायचं असेल तर कॅल्शियम आणि टॉरिनचं प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्या. अंदाजाने करायचं काम नाही ते.

सावजीचा रस्सा तर बोटभरसुद्धा नको. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवले तरी आणि वाळवून पूड केली तरी.

वाळ्याची_ताटी
उन्हाळ्याचा भाग मी घेतो.

मांजराला पंजांच्या गाद्यांखेरीज घाम येत नाही. अंग चाटून ते थंड होतं, म्हणजे त्यालाही पाणी लागतंच. चार किलोच्या मांजराला खाण्यातलं धरून दिवसाला साधारण २०० मिलिलिटर. कोरडं खाणारं मांजर पाणी कमीच पितं, म्हणून नागपुरात एप्रिल ते जून दिवसातलं एक जेवण ओलं द्यावं. ओल्या खाण्यात पाऊण हिस्सा पाणीच असतं. पाणी ठेवायला मातीचं परळ सगळ्यात उत्तम, कारण ते आपोआप गार राहतं. पसरट घ्या, मिशा काठाला घासल्या तर बरीच मांजरं पीत नाहीत. घरात दोन-तीन ठिकाणी ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ बदला.

आता कूलर. चार धोके असतात.

पहिला, वीज. लोखंडी बॉडीचा कूलर, ओली फरशी आणि खराब अर्थिंग असं जमून आलं की विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं दगावतात. मांजर तर कूलरच्या टाकीतलं पाणी प्यायलाच जातं. हंगामाच्या सुरुवातीला वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि बोर्डात आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. हे घरातल्या सगळ्यांसाठीच आहे.

दुसरा, टाकी. डासांसाठी टाकीत औषध किंवा रॉकेल टाकलेलं असतं. टाकीचं झाकण आणि बाजूची ताटी घट्ट बसवा, आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून सुकवा. म्हणजे औषधाची गरजच पडणार नाही.

तिसरा, पंखा. जुन्या कूलरच्या पुढच्या जाळीतून पिल्लाचा पंजा आत जातो. वर बारीक वेल्डमेश, म्हणजे वेल्ड केलेली तारेची जाळी, तारेने बांधा.

चौथा सगळ्यात जास्त घडतो. कूलर खिडकीत बसवला की बाजूला चार बोटांची फट राहते आणि लोक तिथे पुठ्ठा खोचतात. मांजर तो रात्रीत उकरतं. तिथे प्लाय कापून स्क्रूने लावा.

दुपारी घर बंद करून ऑफिसला जाताना बाहेर ४५ अंश असेल तर बंद फ्लॅट संध्याकाळपर्यंत तापत जातो. मांजर फरशीच्या खोलीत, पडदे ओढून, हवा खेळती ठेवून, दोन परळं पाणी भरून ठेवा. बाथरूमचं दार उघडं राहील असं अडकवा, तिथली फरशी सगळ्यात थंड असते. पाण्याची बादली मात्र झाकून. पिल्लू पडलं तर गुळगुळीत कडेवरून वर येऊ शकत नाही.

मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकत असेल तर त्याला उन्हाची झळ बसली आहे असं समजा. लाळ गळते, हिरड्या लालभडक होतात, चाल लडबडते. मांजराचं नेहमीचं तापमान १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. १०४ च्या वर गेलं की घाई करा. अंगावर नळाचं साधं पाणी घाला, पंखा लावा, पोट आणि पंजे ओले ठेवा, आणि तसंच निघा. बर्फाचं पाणी नको, त्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका, फुप्फुसात जातं.

पर्शियन असेल तर हे सगळं दुपटीने. चपट्या नाकामुळे त्यांना धाप लवकर लागते.

बेसाकर
पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट आहे, बाल्कनीला कबुतरांची नायलॉन जाळी लावलेली आहे. ती पुरेल का?

वाळ्याची_ताटी
नाही पुरणार भाऊ. नायलॉन मांजर चावून तोडतं, आणि आपल्या उन्हात ते दोन-तीन वर्षांत कडक होऊन आपणच तुटतं. गॅल्वनाइज्ड किंवा स्टेनलेस स्टीलची वेल्डमेश, २५ मिलिमीटरची चौकट, लोखंडी अँगलच्या चौकटीला वेल्ड करून घ्या. खालची फट ३ सेंटीमीटरपेक्षा कमी ठेवा, पिल्लाचं डोकं जिथून जातं तिथून अंग जातंच. खिडकीची मच्छर जाळी मांजराला अडवत नाही, नखं अडकवून ते ती फाडतं. "मांजर उंचावरून पडलं तरी पायावर पडतं" या भरवशावर राहू नका. पायावर पडूनही जबडा फुटतो, टाळू फाटतो, छातीत हवा भरते. पडल्यावर चालताना दिसलं तरी त्याच दिवशी दाखवा.

सदरकर
लसी आणि जंताचं औषध. वेळापत्रक लिहून फ्रिजवर लावा.

तीन रोगांची एकत्रित लस, म्हणजे पॅनल्यूकोपेनिया (उलट्या-जुलाबाचा जीवघेणा रोग), हर्पिस आणि कॅलिसी (दोन्ही सर्दीसारखे विषाणूजन्य रोग): पहिली ८ व्या आठवड्यात, मग दर ३-४ आठवड्यांनी, आणि शेवटची १६ व्या आठवड्यात किंवा नंतर. शेवटचा डोस लोक टाळतात, आणि खरा उपयोग त्याचाच. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असते तोवर ती लसीलाच निष्प्रभ करते. ती कुठल्या आठवड्यात संपेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं, म्हणून डोस पुन्हा पुन्हा. रेबीजची लस १२ आठवड्यांनंतर. दोन्हींचा पुढचा डोस वर्षाने. ताप, जुलाब, नाक गळणं असेल तर आधी ते बरं करा, मग लस.

जंताचं औषध १२ आठवड्यांपर्यंत दर दोन आठवड्यांनी, सहा महिन्यांपर्यंत महिन्याला, पुढे तीन महिन्यांनी. डोस वजनावर, म्हणून त्याच दिवशी तोलून घ्या.

पॅनल्यूकोपेनियाबद्दल एवढं लक्षात ठेवा. घरात त्या रोगाने पिल्लू गेलं असेल तर विषाणू फरशीवर, टोपल्यात, टबात वर्षभर टिकतो. त्या घरात लस पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू आणू नका. कपडे-गाद्या टाकून द्या. फरशी आधी साबणाने घासा, मग ५ टक्क्यांचं ब्लीच लिटरभर पाण्यात ३० मिलिलिटर घालून दहा मिनिटं ओलं ठेवा, धुवा, सुकवा. मांजराच्या लघवीवर ब्लीच थेट ओतू नका, घातक वायू निघतो. आधी पाण्याने धुवा.

पिसवांचा विषय निघाला की मला भीती वाटते ती कुत्र्याच्या औषधाची. परमेथ्रिन असलेलं कुत्र्याचं मानेवर टाकायचं औषध मांजरावर टाकलं की काही तासांत थरथर आणि झटके सुरू होतात. गोचिडीसाठी पाण्यात मिसळायचं अमिट्राझही नको. पाकिटावर मांजराचं चित्र आणि पिल्लाचं किमान वय-वजन लिहिलेलं असेल तेच वापरा. चुकून टाकलं गेलं तर भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात धुवून लगेच निघा.

दवाखाना मांजर आणायच्या आधीच ठरवा. सेमिनरी हिल्सवर नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५८ सालचं, आता महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग. तिथे दवाखाना चालतो. शिवाय घराजवळचा एक खासगी डॉक्टर आणि रात्री फोन उचलणारा एक, असे तीन नंबर भिंतीवर हवेत. रविवारी रात्री अकराला शोधत बसण्यात जो तास जातो तोच महाग असतो.

शाकाहारी_घर
फिनाईल का नको, ते राहिलं. आमच्याकडे रोज फिनाईलनेच पोछा लागतो.

सदरकर
ताई, मांजराच्या यकृतात फिनॉलसारखी द्रव्यं निकामी करून बाहेर टाकण्याची व्यवस्था फार कमकुवत असते. माणसाच्या आणि कुत्र्याच्या शरीरातून जे निघून जातं ते त्याच्यात साठतं. मांजर फरशीवरून चालतं आणि मग पंजे चाटतं, म्हणजे पोछ्याचं सगळं पोटात. जंतुनाशक लागलंच तर वर सांगितलेलं ब्लीच, धुवून सुकवून. एरवी साधा साबण.

हीच गोष्ट समजली की बाकीची यादी पाठ करावी लागत नाही. पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मोठं मांजर मारू शकते. हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. ताप आला म्हणून घरातल्या डब्यातून पाव गोळीसुद्धा देऊ नका. आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन तसंच. कापूर, निलगिरीचं तेल, डांबरगोळ्या कपाटात बंद. त्याच्या खोलीत उदबत्ती-धूप नको.

झाडांमध्ये लिली सगळ्यात वाईट. पुष्पगुच्छात येते ती. पान, फूल, अंगावर सांडलेले परागकण, फुलदाणीतलं पाणी, काहीही पोटात गेलं तरी दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडतात. लक्षणं दिसायची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. कण्हेर हृदयावर जाते. बागेतला सायकस, ज्याला लोक सागो पाम म्हणतात, यकृतावर. मनीप्लांटने तोंडाची आग होते, जीव जात नाही, तरी उंच टांगा.

विषबाधा वाटली तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. औषधाचं पाकीट किंवा झाडाची फांदी पिशवीत घालून सोबत न्या.

मिशीवाली
मांजाही यात धरा. संक्रांतीनंतर महिनाभर गच्चीवर, झाडांवर, गॅलरीत नायलॉन मांजाचे तुकडे लोंबत असतात. मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असतात, धागा एकदा तोंडात गेला की तो आतच जातो. एक टोक जिभेखाली अडकतं, दुसरं आतड्यात पुढे सरकतं, आणि आतडं नाडीत ओवल्यासारखं गोळा होऊन धाग्यावर कापलं जातं. तोंडातून किंवा मागून धागा दिसला तर ओढू नका, कापूही नका. तसंच डॉक्टरांकडे. शिवणाचा दोरा-सुई, रबरबँड, लोकरीचा गुंडा यांनाही हेच लागू. काठीला बांधलेली पिसं खेळायला छान, पण खेळ संपला की कपाटात.

बेसाकर
जाळीचं काम दिलं. आता सोफा ओरबाडणं चालू आहे. रागावलं की पळतं, पुन्हा येऊन तेच.

लकडगंजवाला
रागावून थांबत नाही, कारण नखांची जुनी टरफलं काढणं आणि अंग ताणणं ही त्याची गरज आहे. त्याला सोफ्यापेक्षा चांगला खांब द्या. घरी होतो.

४ इंची पीव्हीसी पाइप ८० सेंटीमीटर. खाली १८ मिलिमीटर प्लायचा ५० बाय ५० सेंटीमीटरचा पाट. पाइपच्या आतल्या मापाचा लाकडी ठोकळा पाटाला खालून चार स्क्रूने कसा, त्यावर पाइप बसवून बाजूने तीन स्क्रू. मग ८ मिलिमीटरची तागाची दोरी खालून वर, फट न ठेवता, घट्ट गुंडाळा. ६० सेंटीमीटर उंचीला सुमारे ७५ वेढे होतात, त्याला २८ मीटर दोरी लागते, ३० मीटर आणा. सुरुवातीला आणि शेवटी दोरीला भोक पाडून स्क्रू, मध्ये फेव्हिकॉल. खिळे नकोत, सैल झाले की पंज्यात जातात. नायलॉनची दोरी नको, नख धरत नाही.

बहुतेक विकतचे खांब दोन कारणांनी वाया जातात. उंची कमी, त्यामुळे मांजराला पूर्ण ताणता येत नाही. किंवा पाया हलका, एकदा डुगडुगला की ते परत हात लावत नाही. गरज पडली तर पाटाखाली शहाबादी फरशीचा तुकडा लावा. खांब कोपऱ्यात लपवू नका, सोफ्याच्या ज्या कडेला ते ओरबाडतं तिथेच उभा करा आणि सोफ्याच्या त्या कडेवर रुंद दुहेरी चिकटपट्टी लावा. महिन्याभराने दिवसाला थोडा थोडा सरकवत हव्या त्या जागी न्या.

मिशीवाली
नखं दोन-तीन आठवड्यांनी कापा. पंजा हलका दाबला की नख बाहेर येतं. आतली गुलाबी शीर सोडून फक्त पुढचं पांढरं टोक, एक-दोन मिलिमीटर. एका बैठकीत दोन नखं जमली तरी पुरे.

टेकडीवाला
भाटी असेल तर नसबंदीचा दिवस आत्ताच ठरवा, पाच-सहा महिन्यांच्या आसपास. ती चौथ्या महिन्यातही माजावर येऊ शकते, गाभण राहिली की ६३ ते ६५ दिवसांत पिल्लं. "एकदा पिल्लं होऊ द्या, मग करू" याने तब्येतीला काहीही फायदा होत नाही. पहिल्या माजाआधी केलेल्या शस्त्रक्रियेने स्तनांच्या गाठींचा धोका खूप कमी होतो. बोक्याची पाच-सहा महिन्यांत केली तर घरभर लघवीचे फवारे मारायची सवय बहुधा लागतच नाही. शस्त्रक्रियेनंतर जखम चाटू नये म्हणून घातलेली गळ्यातली टोपी दहा दिवस काढू नका आणि उंच उड्या बंद. पुढे खाणं पाव हिश्श्याने कमी करा, भूक वाढते आणि गरज घटते.

बोका टबात वारंवार बसतो, कुंथतो, ओरडतो आणि थेंबच येतो किंवा काहीच येत नाही, तर त्याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजू नका. बहुधा लघवी तुंबलेली असते. बोक्याची मूत्रनलिका अरुंद, त्यात बारीक खडे किंवा चिकट बूच अडकतो. एक-दोन दिवसांत रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय थांबतं. रात्रीचे दोन वाजले असतील तरी निघायचं. म्हणूनच रोज टबातले गोळे मोजा. दिवसाला दोन ते चार, मुठीएवढे, हे नेहमीचं. एकदम छोटे आणि खूप झाले, किंवा एकही नाही, तर तीच पहिली सूचना.

सदरकर
दवाखान्यात न्यायची पेटी वरून उघडणारी घ्या, ४५ ते ५० सेंटीमीटर लांब. पहिल्या दिवसापासून ती खोलीत उघडी ठेवा, आत त्याची गोधडी, अधूनमधून खाणंही तिथेच. नाहीतर पेटी निघाली की मांजर दिवाणाखाली आणि वेळ निघून जाते. स्कूटरवर कापडी पिशवीत किंवा मांडीवर नेऊ नका. एका हॉर्नला ते उडी मारतं. ऑटो करा, पेटी मांडीवर धरा, वर पातळ ओढणी टाका. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत जाऊन या.

पिल्लू चावलं किंवा ओरबाडून रक्त आलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. चुना, हळद, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयात दाखवा, रेबीजची लस घ्यायची की नाही हे तिथले डॉक्टर ठरवतील. पिल्लाला लस दिलेली नसेल आणि ते रस्त्यावरून आणलेलं असेल तर ही पायरी गाळायची नाही.

शाकाहारी_घर
पाकिटातलं खाणं सुरू केलं, तोलून. रात्रीसाठी काय? पहाटे चारला ओरडून उठवते.

मिशीवाली
चौथं जेवण रात्री झोपायच्या आधी ठेवा. त्याआधी काठीच्या पिसाने १५ मिनिटं पळवा, दमेपर्यंत, शेवटी पिसं पकडू द्या. शिकार, मग जेवण, मग अंग चाटणं, मग झोप, हा तिचा स्वतःचा क्रम आहे. पहाटे ओरडली तर उठून खायला देऊ नका. एकदा दिलं की ती वेळ पक्की होते. लस-जंताच्या दिवशी वजन तोलाल तेव्हा आकडा इथे टाका, वाढ बरोबर चालली आहे का पाहू.